उतार हा प्लॉटचा दोष नव्हे

मुळशी-वेल्ह्यापासून वाई-महाबळेश्वरपर्यंत सह्याद्रीच्या उतारावर जागा घेणाऱ्या कुटुंबाला पहिला सल्ला ठरलेला असतो : आधी जेसीबी लावून प्लॉट सपाट करून घ्या, मग काय हवे ते बांधा. हा सल्ला जागा विकणारा देतो, ठेकेदार देतो, शेजारी आधी बंगला बांधून बसलेले गृहस्थ देतात आणि खेदाची गोष्ट अशी, की काही वास्तुरचनाकारही देतात. त्याच्या जोडीला हल्ली एक मागणी असते, घर ‘लॉज’च्या शैलीतले हवे. उंच उतरते छप्पर, लाकडी ओंडक्यांचे खांब, दगडी चिमणी, दरीकडच्या बाजूला दोन मजली काच. अमेरिकेतल्या पहाडी विश्रामगृहाचे रूप वर, आणि खाली कापून एका पातळीत आणलेली जमीन.

या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत. लॉज म्हणून जे घर आपण चित्रात पाहतो आणि ज्याच्यावर आपले मन बसते, ते उतार स्वीकारल्यामुळे तसे झालेले असते. उतार काढून टाकला की हातात उरते ते फक्त त्याचे सोंग. आणि हे सोंग स्वस्त नाही, सुरक्षित तर मुळीच नाही.

सपाटीकरणाच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे आधी नीट मांडू. ते म्हणतात, सपाट जागेवर बांधकाम स्वस्त पडते, कारण जोते एका पातळीत येते आणि काम लवकर उरकते. मागे भक्कम रिटेनिंग वॉल घातली की डोंगराची भीती उरत नाही. घरात आजी-आजोबा असतात, त्यांना पायऱ्या चढवत नाहीत. मुलांना खेळायला अंगण लागते. आणि शेवटचा मुद्दा, एवढ्या मोठ्या डोंगरात एका घरापुरते खोदले तर बिघडते काय? यातला एकही मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. म्हणून एकेकाचे उत्तर हिशेबाने देऊ.

पहिला हिशेब मातीचा. उताराच्या दिशेने 30 मीटर लांब आणि 20 मीटर रुंद असा एक प्लॉट घ्या. उतार 1:6, म्हणजे सहा मीटर पुढे गेल्यावर जमीन एक मीटर खाली जाते. वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत पाच मीटरांचा फरक झाला. हा प्लॉट मधोमध धरून सपाट करायचा तर वरच्या अंगाला अडीच मीटर कापावे लागते आणि खालच्या अंगाला अडीच मीटर भरावे लागते. कापायची माती आणि मुरूम होतो 375 घनमीटर. वजनात मोजला तर सहाशे टनांच्या वर.

आता त्याच उतारावर घर वेगळ्या पद्धतीने बसवून पाहा. घर समपातळी रेषेला, म्हणजे एकाच उंचीवरच्या जागा जोडणाऱ्या रेषेला, समांतर ठेवा, लांबट करा, 24 मीटर लांब आणि 6 मीटर रुंद. सहा मीटरांत जमीन एकच मीटर उतरते. मागच्या बाजूला अर्धा मीटर कापायचे आणि पुढच्या बाजूचे जोते अर्धा मीटर उचलायचे. कापलेली माती 18 घनमीटर भरते, म्हणजे आधीच्या विसाव्या हिश्श्याहूनही कमी. घराचे क्षेत्रफळ मात्र 144 चौरस मीटर, साधारण साडेपंधराशे चौरस फूट, आणि सगळे एका पातळीवर. वास्तुरचनाकार लॉरी बेकर पिथोरागडच्या डोंगरांत आणि पुढे केरळात जन्मभर बांधत राहिले. खर्च कमी कसा करावा हे सांगणाऱ्या आपल्या सचित्र पुस्तिकेत त्यांनी हेच दाखवले आहे : घर समपातळी रेषेला आडवे घातले तर खोदाई आणि भराव वाढतो, समांतर ठेवले तर कमी होतो. यात कसलीही गूढ विद्या नाही. प्लॉटचा समपातळी नकाशा समोर ठेवून पेन्सिल धरली तर हे कोणालाही दिसेल. अडचण एवढीच, की बहुतेक ठिकाणी जेसीबी आधी येतो आणि नकाशा नंतर.

‘सपाट करणे स्वस्त’ हा समज टिकतो याचे कारण मशीनचे बिल लहान असते आणि ते आधी येते. खरा खर्च मागून येतो आणि तो भिंतीचा असतो. मातीचा भिंतीवरचा एकूण दाब उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि भिंत उलथवू पाहणारा जोर उंचीच्या घनाच्या प्रमाणात. एक मीटर उंचीच्या भिंतीच्या तुलनेत अडीच मीटरच्या भिंतीवर सव्वासहा पट दाब येतो आणि तिला उलथवणारा जोर साडेपंधरा पट होतो. नुसत्या दगडाच्या वजनावर उभी राहणारी भिंत तळाशी उंचीच्या निम्मी तरी रुंद असावी लागते. हा खर्च अंदाजपत्रकात क्वचितच पूर्ण दिसतो. दिसला असता तर पुष्कळ कुटुंबांनी जेसीबी परत पाठवला असता.

आणि हे सगळे कोरड्या मातीचे गणित झाले. सह्याद्रीत चार महिने माती कोरडी नसते. भिंतीमागे पाणी साचले की मातीच्या दाबात पाण्याचा दाब मिसळतो, आणि भिंती पडतात त्या बहुधा याच वेळी. भिंतीत पाणी निघायला भोके ठेवली, मागे दगड-खडीचा थर भरला, तळाशी चर काढला, तर भिंत टिकते हे खरे. पण ठेकेदार ज्या भिंतीला भक्कम म्हणतो, ती बहुतेक वेळा सिमेंटने सगळीकडून बंद केलेली असते, कारण ओलीचे डाग मालकाला आवडत नाहीत. कोकणातला गडगा पाहा. सांध्यात चुना नाही, सिमेंट नाही, नुसते दगड एकमेकांत बसवलेले. पाणी त्यातून निघून जाते आणि गडगा उभा राहतो. उंची कमी ठेवायची आणि पाण्याला वाट द्यायची, या दोन गोष्टी आपल्या गावांतल्या गवंड्यांना ठाऊक होत्या. अडीच-तीन मीटरची बंद भिंत ही आपली परंपरा नाही आणि ती प्रगतीही नाही.

भिंतीवर भिस्त ठेवणाऱ्यांनी आपल्या डोंगराचा स्वभावही समजून घ्यायला हवा. सह्याद्री हा लाव्ह्याच्या जवळजवळ आडव्या थरांचा डोंगर आहे. एका थरावर दुसरा थर, मध्येमध्ये ‘बोल’ नावाच्या लाल, चिकणमातीसारख्या थराचे पट्टे, आणि महाबळेश्वर-पाचगणीसारख्या ठिकाणी माथ्यावर जांभा. पावसाचे पाणी भेगांतून झिरपत खाली जाते, न झिरपणाऱ्या थरावर अडते, आडवे सरकते आणि जिथे तो थर उताराला उघडा पडतो तिथे झरा म्हणून बाहेर येते. आपण अडीच मीटर कापतो तेव्हा असा एखादा थर उघडा पाडण्याची दाट शक्यता असते. उन्हाळ्यात खोदताना ती जागा कोरडी ठणठणीत दिसते. जुलैत तिथूनच पाणी येते, आणि तेव्हा तिथे स्वयंपाकघराची मागची भिंत उभी असते.

भरावाची गोष्ट याहून वाईट. उतारावर ओतलेला मुरूम कितीही रोलर फिरवला तरी पुढचे काही पावसाळे बसत राहतो. घराचा अर्धा भाग कापलेल्या घट्ट जमिनीवर आणि अर्धा या भरावावर आला, की एक भाग जागच्या जागी राहतो आणि दुसरा खाली जातो. भिंतींना कोपऱ्यातून तिरप्या भेगा पडतात. मग पुट्टी भरली जाते, रंग लागतो, पुढच्या वर्षी भेग पुन्हा येते. यावर उपाय एकच, खांबांचे पाये भरावातून खाली नेऊन मूळच्या घट्ट थरावर टेकवायचे. पण तेवढे खोल पाये खणायचेच असतील, तर भराव घातला कशासाठी?

आता आजी-आजोबांचा मुद्दा. सपाटीकरणाच्या बाजूचा हा सगळ्यात मनाला भिडणारा युक्तिवाद आहे, म्हणून त्याचे उत्तर मोघम देऊन चालणार नाही. म्हाताऱ्या माणसांना लागते ते सपाट घर. सपाट प्लॉट त्यांना लागत नाही. समपातळी रेषेला धरून लांबट बांधलेल्या घरात बैठक, स्वयंपाकघर, देवघर, त्यांची झोपायची खोली आणि न्हाणीघर ही सगळी एकाच पातळीवर येतात. रस्ता वरच्या अंगाला असेल तर हीच पातळी रस्त्याच्या पातळीशी जुळवता येते, म्हणजे गाडीतून उतरून एकही पायरी न चढता आत. जास्तीच्या खोल्या हव्या असतील तर त्या उताराच्या खालच्या अंगाला, सहा पायऱ्या उतरून, मुलांसाठी आणि पाहुण्यांसाठी. घरापुढे दीड-दोन मीटर खोल पडवी घातली की आजोबांना पावसाळ्यातही फेऱ्या मारायला जागा होते. उलट, सपाट केलेल्या प्लॉटवर प्रवेशाचा चढ एकदम अंगावर येतो, कारण रस्ता आणि प्लॉट यांच्यातला सगळा फरक एकाच ठिकाणी गोळा झालेला असतो. तिथे रॅम्प करायचा तर तो फार उभा होतो. ज्यांच्या नावाने डोंगर कापला, त्यांचीच सोय त्यात होत नाही.

अंगणाचेही तेच. मुलांना खेळायला एक मोठे मैदान लागते, हा शहरातल्या सोसायटीचा हिशेब आहे. डोंगरावरचे मूल पायऱ्यापायऱ्यांच्या अंगणात, गडग्यांवर, झाडांत आणि उतारावर खेळते. अर्धा-पाऊण मीटर उंचीच्या गडग्यांनी तोललेल्या दोन-तीन अरुंद मळ्या मुलांना पुरतात आणि भाजीपाल्यालाही.

वास्तुशास्त्राच्या आग्रहाने जमीन कापणाऱ्यांना एवढेच सांगणे आहे, की दिशांची श्रद्धा खोल्यांच्या मांडणीत पाळता येते. देवघर कुठे, चूल कुठे, दार कोणीकडे, हे उतारावरच्या घरातही ठरवता येते. त्यासाठी डोंगराचा कल बदलावा लागत नाही.

मग लॉजचा प्रश्न उरतो. या शैलीचे जे नमुने जगभर नावाजले गेले, त्यांच्याकडे नीट पाहिले तर आपल्या मागणीतला विरोध लगेच कळतो. अमेरिकेतल्या यलोस्टोनचे ओल्ड फेथफुल इन 1903-04 च्या हिवाळ्यात रॉबर्ट रीमर याने उभे केले. त्यातले ओंडके त्याच परिसरातल्या लॉजपोल पाइनचे आणि दगडही तिथलेच. ओरेगनमधल्या माउंट हुडवरचे टिम्बरलाइन लॉज 1936 ते 1938 या काळात बेरोजगारांना काम देणाऱ्या सरकारी योजनेतून बांधले गेले. तेही स्थानिक दगड-लाकडाचे, आणि त्याच्या मधल्या भागाचे छप्पर मागच्या शिखराचा आकार मनात ठेवून उचललेले. तिथली छपरे तीव्र उताराची आहेत ती बर्फ साचू नये म्हणून. चिमणी मोठी आहे ती थंडी जीवघेणी आहे म्हणून. प्रत्येक गोष्टीला तिथल्या हवेत आणि जमिनीत कारण आहे.

आपण त्यातून काय उचलतो? बाहेरून आणलेले पाइनचे लाकूड, जे आपल्या पावसाळ्यात बुरशी धरते आणि वाळवीला आमंत्रण देते. वर्षातून मोजके दिवस पेटणारी चिमणी. आणि दोन मजली काच, जी घाटमाथ्यावर बहुधा पश्चिमेच्या दरीकडे असते. म्हणजे जून ते सप्टेंबर नैऋत्येची झड थेट तिच्यावर, आणि मार्च ते मे दुपारचे ऊन तिच्यातून थेट घरात. मग पडदे ओढायचे आणि एसी लावायचा. ज्या देखाव्यासाठी काच घातली, तो पडद्यामागे जातो.

लॉजचा नियम प्रामाणिकपणे सह्याद्रीला लावला तर घर वेगळेच निघते, आणि ते जास्त सुंदर असते. जोते काळ्या दगडाचे, किंवा जांभ्याच्या मुलखात चिऱ्याचे. छप्पर उतरते, पण पावसासाठी. मंगलोरी कौले, खाली चांगल्या प्रतीचे आवरण, आणि भिंतीपासून मीटरभर पुढे आलेल्या पागोळ्या. लाकूड हवे तर जुन्या वाड्यांतून उतरवलेले सागवान. त्याने आधीच शंभर पावसाळे पाहिलेले असतात. देखाव्यासाठी दरीच्या बाजूला खोल पडवी आणि तिच्या आत बेताच्या आकाराच्या खिडक्या, लाकडी झडपांच्या. पडवीत बसून दरी अख्खी दिसते आणि झडही आत येत नाही. महाबळेश्वरच्या जुन्या बंगल्यांना पावसाळ्यात गवताच्या ताट्या बांधत, कारण तिथल्या पावसाची ताकद त्या लोकांनी ओळखली होती. आणि दिवाणखान्यातल्या चिमणीच्या आधी दाराशी एक खोली हवी, ओल्या छत्र्या, रेनकोट, चिखलाचे बूट आणि न वाळणारे कपडे यांच्यासाठी. सह्याद्रीतल्या लॉजची खरी गरज ती आहे.

काही जण अमेरिकन वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइटच्या फॉलिंगवॉटरचे नाव घेतात. पेनसिल्व्हेनियात, धबधब्यावर, 1935 साली आराखडा केलेले एका कुटुंबाचे सुटीतले घर. उदाहरण चांगले आहे, ते पूर्ण पाहू या. राइटने जागेवरचा मोठा खडक फोडला नाही. तो दिवाणखान्याच्या जमिनीतून वर येऊ दिला आणि शेकोटीची जागा त्यावरच केली. भिंतींचा दगड तिथेच काढला. पण अधांतरी पुढे काढलेले सज्जे कालांतराने इतके वाकले, की 2002 मध्ये पोलादी तारांचा ताण देऊन त्यांना सावरावे लागले. जमिनीशी जुळवून घेतलेला भाग टिकला, जमिनीला न जुमानणारा भाग दुरुस्तीला आला. त्या घरातून आपण सज्जे उचलतो आणि खडक फोडतो, हे नेमके उलटे आहे.

आपल्याकडे तर इतक्या दूर जायचेही कारण नाही. राजगडाची संजीवनी माची पाहिलेल्या प्रत्येकाने तटबंदी डोंगराच्या सोंडेबरोबर वळत गेलेली पाहिली आहे. सोंड सरळ करून तट बांधावा असे तिथे कोणाच्या मनात आले नाही. आपल्या गडांवर कातळात टाकी खोदत आणि त्यातून निघालेला दगड बांधकामाला वापरत. एका खोदाईत पाणीही मिळे आणि दगडही. ज्या मुलखात ही समज होती, तिथे आज शेकडो टन मुरूम ओढ्याच्या काठावर ढकलून दिला जातो, ही आपली अधोगती आहे.

आता तो शेवटचा मुद्दा, एका घराने काय होते? डोंगर आपले आपणही घसरतात, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. माळीण, 30 जुलै 2014 : दीडशेच्या वर माणसे गेली. तळिये, 22 जुलै 2021. इर्शाळवाडी, 19 जुलै 2023 ची रात्र. ही गावे बंगल्यांमुळे गाडली गेली असे कोणी म्हणू नये, ते खरे नाही. तिथली माणसे पिढ्यानपिढ्या तिथे राहत होती. माळीणनंतर कारणांची चर्चा झाली तेव्हा अतिवृष्टीबरोबर उतारावरच्या सपाटीकरणाचाही मुद्दा पुढे आला. धडा स्पष्ट आहे. आधीच नाजूक तोलावर उभ्या असलेल्या डोंगरात गरज नसताना पाय कापणे आणि माथ्यावर वजन टाकणे हे हौसेचे काम असू शकत नाही. आणि आपण कापलेली माती आपल्याच प्लॉटवर थांबत नाही. पहिल्या मोठ्या पावसात ती ओघळाने खाली जाते, भातखाचरात बसते, गावाच्या पाणवठ्यात उतरते. वर राहणारे कुटुंब शनिवार-रविवारचे असते, खाली राहणारे बाराही महिन्यांचे. धोका आपण निर्माण करायचा आणि सोसायचा त्यांनी, हे अन्यायाचे आहे.

पाण्याचाच हिशेब घ्या. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. 200 चौरस मीटरच्या छपरावर मोसमभरात अकरा लाख लिटर पाणी येते. सहाशे चौरस मीटरचा प्लॉट सपाट करून फरसबंद केला तर तेहतीस लाख लिटर. मोकळ्या उतारावर हे पाणी गवतातून, मुळांतून, पसरून जाते. फरसबंद सपाट जागा ते एका कडेला गोळा करते आणि एका ठिकाणाहून खाली सोडते. तिथे पहिल्या वर्षी ओघळ पडतो आणि काही वर्षांत घळ होते.

कायद्याने हे पूर्वीच ओळखले आहे. राज्याच्या बहुतेक भागाला लागू असलेल्या 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत डोंगरउतारासाठी 1:5 ही मर्यादा आहे. तेवढ्या किंवा त्याहून तीव्र उतारावर बांधकाम तर नाहीच, कापणे, भरणे, सपाट करणे यांनाही मनाई आहे. महाबळेश्वर-पाचगणी 2001 पासून आणि माथेरान 2003 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर आहे. पण नियम ही किमान मर्यादा असते. 1:6 च्या उतारावर सपाटीकरणाला परवानगी मिळू शकते, म्हणून ते शहाणपणाचे ठरत नाही.

इथे दुसऱ्या टोकाचे लोक म्हणतील, मग डोंगरावर घर बांधूच नका. त्यांच्या म्हणण्याचा मोठा भाग मला मान्य आहे. कड्याच्या थेट पायथ्याशी, घळीच्या तोंडावर, झऱ्याच्या वाटेत, जिथे झाडांची खोडे बुडाशी वाकलेली आहेत किंवा जमिनीला आडव्या भेगा आहेत अशा जागी घर नकोच. ती जागा कितीही स्वस्त मिळो, घेऊ नये. पण सगळा डोंगर निषिद्ध, हे म्हणणे इतिहासाला धरून नाही. घाटातली गावे माचीवर, पठारावर, सोंडेवर शतकानुशतके वसली आहेत. शिवाय सरसकट ‘नको’ म्हटल्याने बांधणे थांबत नाही, फक्त विचारपूस न करता बांधले जाते. बांधणारच असाल तर कसे बांधा, हे सांगण्याची जबाबदारी जाणकारांना झटकता येणार नाही.

म्हणून जागा घेतलेल्या कुटुंबांना माझे आग्रहाचे सांगणे आहे. पहिला खर्च समपातळी नकाशावर करा, अर्ध्या मीटरच्या अंतराच्या रेषांचा. एक पावसाळा जागेवर जाऊन पाणी कुठून येते आणि कुठून जाते ते पाहा, आणि त्या वाटा आराखड्यात जशाच्या तशा ठेवा. भूगर्भ जाणणाऱ्या माणसाला एकदा जागेवर आणा. घराची खोली सहा-सात मीटरच्या आत ठेवा, लांबी हवी तेवढी वाढवा. कापणे एक मीटरच्या वर जात असेल तर भिंत जाड करू नका, आराखडा बदला. छपराचे पाणी टाकीत घ्या आणि उरलेले एका ठिकाणी न सोडता पसरवून द्या. वास्तुरचनाकार निवडताना त्याला एकच प्रश्न विचारा, या घरासाठी किती घनमीटर माती हलवावी लागेल? ज्याला हा आकडा सांगता येत नाही, त्याने डोंगरावर घर बांधण्याचा विचार अजून केलेलाच नाही.

आणि वास्तुरचनाकारांना, माझ्याच व्यवसायबंधूंना, सांगायचे आहे की मालक सपाट जागा मागतो तेव्हा त्याला अडवणे हे आपले काम आहे. त्याने आपल्याला नेमले आहे ते त्याला जे दिसत नाही ते दाखवण्यासाठी. सपाट प्लॉटचा आराखडा कोणीही काढू शकतो. उतार वाचणे, त्यावर म्हाताऱ्या माणसांना सुखाने राहता येईल असे घर बसवणे आणि खालच्या गावाला त्याची झळ लागू न देणे, एवढ्यासाठीच आपली विद्या आहे. ती वापरायची नसेल, तर डोंगरावरची कामे आपण घेऊ नयेत.